काऊन फेकून रायली वं?

सेल, कूपन आणि 'फक्त दोन तास बाकी'च्या जमान्यात एक महिना नवीन काहीच घ्यायचं नाही असं ठरवलं, तर? अमरावती ते अकोला, व्हाया दर्यापूर... एका अगदी स्वस्त प्रयोगाची गोष्ट!

एक छोटीशी टेस्ट घेऊया? आज ऑफिसातून घरी गेलात की कपाट उघडा. गेल्या वर्षभरात ज्याला हात लागला नाही, ते सगळं पलंगावर काढा. कुणाच्या तरी हळदीसाठी घेतलेला आणि फोटो अपलोड झाल्यावर कायमचा रिटायर झालेला पिवळा कुर्ता. 'दोनवर एक फ्री'मधला तो फ्री. अर्ध्या किमतीत मिळाला म्हणून घेतलेला, एक साइज लहान असलेला शर्ट. वजन कमी केलं की होईल, ही त्याची कॅटॅगरी! मग ड्रॉवर. चार जुने चार्जर, एकाच कानात वाजणारे इअरफोन, बॅटरी गेलेला पण 'राहू दे, लागेल कधी' म्हणून जपलेला मोबाइल. आता त्या ढिगाकडे बघा आणि स्वतःला विचारा, एवढं सगळं घ्यायला मी ऑफिसात किती दिवस बसलो?

उत्तर मोठ्याने सांगायची गरज नाही. बहुतेकांचं सारखंच येतं.

मी फ्रीलान्स लिहिते. म्हणजे मला पगाराची तारीख नाही, पण सेलच्या तारखा मात्र पाठ. मानधनाचा चेक कधी येणार ते देवाला ठाऊक. त्यामुळे घरातून जाणारा प्रत्येक रुपया जरा जास्तच ठळक दिसतो. यंदा एप्रिलच्या मध्याला ठरवलं, एक महिना नवीन काही घ्यायचं नाही. नियम साधे. खाणंपिणं, औषधं, साबण-टूथपेस्ट चालेल. बाकी बिघडलं तर दुरुस्त करायचं, हवं असेल तर कुणाकडून मागून आणायचं, आणि तेही जमलं नाही तर भागवून घ्यायचं.

मैत्रिणी म्हणाल्या, महिना निवडलास तोही भारीच! बरोबर आहे. वऱ्हाडात एप्रिल-मे म्हणजे दोन गोष्टी: डोक्यावर पंचेचाळीस अंश आणि दारात लग्नपत्रिका.

रात्री अकराची खरेदी

पहिल्या आठवड्यात कळलं, की आपल्याला वस्तूंची नाही, बोटांची सवय लागलेली असते. रात्री अकरा वाजता पडल्या पडल्या अॅप उघडायचं, चार गोष्टी कार्टमध्ये टाकायच्या. हा टाइमपास झाला, खरेदी नव्हे. पण त्यातली एखादी गोष्ट दोन दिवसांनी खोक्यात बसून दाराशी येतेच.

मी अॅप काढून टाकली आणि उशाशी एक वही ठेवली. जे घ्यावंसं वाटेल ते तारखेसकट लिहायचं. महिनाभरात यादीत एकोणीस गोष्टी जमा झाल्या. महिन्याच्या शेवटी यादी वाचली, तर त्यातल्या तीनच अजून हव्याशा वाटत होत्या. उरलेल्या सोळांपैकी दोन कशासाठी हव्या होत्या, हेही आठवेना!

कूलर: घरातला सर्वांत हुशार सदस्य

दुसऱ्या आठवड्यात कूलर बसला. अमरावतीत राहणाऱ्यांना याचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. अकोलेकरांना तर मुळीच नको. मे २०२४ मध्ये तिथे पारा पंचेचाळिशीच्या वर गेला, तेव्हा उन्हापायी जिल्हा प्रशासनाला चक्क कलम १४४ लावावं लागलं होतं.

आमचा कूलर पत्र्याचा, साधारण माझ्याच वयाचा. दर वर्षी गुढीपाडव्याच्या आसपास तो बाहेर निघतो, धुतला जातो, त्याला रंगाचा हात बसतो आणि नव्या ताट्या लागतात. या वेळी मोटर जळली होती. नियमाप्रमाणे नवा कूलर बाद. म्हणून मोटर पिशवीत घालून राजापेठेजवळच्या एका गल्लीत गेले. तिथल्या मिस्त्रींनी मोटर उघडली, काळी पडलेली तार दाखवली आणि म्हणाले, "वायडिंग करून देतो. परवा या."

परवा गेले. मोटर सुरू! खर्च नव्या कूलरच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. निघताना मिस्त्री म्हणाले, "हा कूलर फेकू नका मॅडम. तुमच्या लग्नात आंदण न्या. अजून वीस वर्षं चालते."

लग्नाचं राहू दे, पण मुद्दा सॉलिड होता. हा कूलर इतकी वर्षं का टिकला? तो अमर आहे म्हणून नाही. त्याचा प्रत्येक भाग वेगळा निघतो, वेगळा मिळतो आणि वेगळा बदलता येतो म्हणून. पंप गेला तर पंप, ताटी गेली तर ताटी, तळ गंजला तर वेल्डिंगवाला. चार स्क्रू काढले की सगळं समोर.

आता खिशातला मोबाइल काढा. त्याची बॅटरी तुम्हाला स्वतः काढता येते? नाही ना. ती आत चिकटवलेली असते. बॅटरी दमली की आपण फोनच बदलतो. संयुक्त राष्ट्रांच्या 'ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर'च्या २०२४ मधल्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. युरोपीय संघाने आता कायदाच केला आहे: फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या अशा उपकरणांची बॅटरी, काही अपवाद वगळता, ग्राहकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे त्यात चार गट आहेत.

थोडक्यात काय, तर युरोपला आत्ता जे सुचतंय, ते आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोक्याला आधीपासून माहीत होतं!

पोतेऱ्याचं शास्त्र

तिसऱ्या आठवड्यात आजीकडे गेले, दर्यापूरजवळच्या गावी. जाताना कपाटातल्या जुन्या कपड्यांची एक बॅग घेतली होती. म्हटलं, गावात कुणाला तरी देऊ, नाहीतर टाकून देऊ. आजीने बॅग उघडली आणि सुरू झाली, "काऊन फेकून रायली वं? चांगलं हाय नं हे!"

मग तिने बसल्या बसल्या वाटणी केली. माझी जुनी सुती ओढणी: ही पापड वाळवायला. बाबांचा धोतराचा पाना: हा गाळणीला. विटलेला सुती कुर्ता: हा वाकळीत. (आजीच्या तोंडी 'वाकय'. वऱ्हाडीत ळ चालत नाही, त्याचा य होतो!) साडी जुनी झाली की तिची दुपटी, दुपट्यांची वाकळ, वाकळ विरली की पायपुसणं, पायपुसण्याचं पोतेरं. लुगड्यापासून पोतेऱ्यापर्यंत एका कापडाचे चार-पाच जन्म. मॅनेजमेंटवाले ज्याला 'सर्क्युलर इकॉनॉमी' म्हणतात आणि स्लाइडवर गोल बाण काढून दाखवतात, ती ही.

शेवटी माझी कॉलेजातली एक झुळझुळीत कुर्ती निघाली. आजीने ती बादलीत बुडवली, फरशीवर फिरवली आणि बाजूला टाकली. "पाणीच नाई शोषत हे. याचं तं पोतेरंई होत नाई."

पॉलिस्टर होतं ते. प्लॅस्टिकचाच चुलत भाऊ. या महिन्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य मला मिळालं ते हे. आपण म्हणतो, जुन्या वस्तू पुन्हा वापरा. पण वस्तू पुन्हा वापरता येईल की नाही, हे ती घेतानाच ठरलेलं असतं. दोनशे नव्व्याण्णवचा टॉप जुना झाल्यावर आपण त्याचं काहीच करू शकत नाही, यात आपला आळस कमी आणि त्या कापडाचा गुण जास्त. 'टेक्स्टाइल एक्स्चेंज' या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगात तयार झालेल्या एकूण तंतूंपैकी ५७ टक्के पॉलिस्टर होतं. कापूस जेमतेम वीस टक्के. वापरून झालेल्या कपड्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी कापडाचे पुन्हा कपडे होतात, असं 'एलन मॅकार्थर फाउंडेशन'ने २०१७ मध्येच सांगितलं होतं.

आणि आपण राहतो कुठे? कापसाच्या वऱ्हाडात!

आजीच्या घरामागेच शेत आहे, म्हणून हा हिशेब तिथेच केला. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. एका टी-शर्टला सूतगिरणीतली घट धरून अर्धा ते पाऊण किलो कापूस लागतो. म्हणजे हमीभाव पूर्ण मिळाला तरी एका टी-शर्टमागे शेतकऱ्याच्या हातात चाळीस ते साठ रुपये. त्यातून बियाणं, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी. वेचणी इथे हातानेच होते, आणि ती करणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. दिवसभर कमरेत वाकून, कमरेला ओटी बांधून. पाऊस लांबला किंवा बोंडअळी आली तर तेवढेही नाहीत. आपल्याकडचा बहुतेक कापूस कोरडवाहू, त्यामुळे जोखीम सगळी त्याच माणसाच्या डोक्यावर.

तो टी-शर्ट आपण चार वेळा घालून फेकतो, तेव्हा त्यात हेही फेकलं जातं.

डिग्रीवरचं नाव

मिनिमलिझमची पुस्तकं जपानहून येतात, व्हिडिओ अमेरिकेतून. पण अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर नावाचा एक मुलगा जन्मला. बालपण गेलं आजोळी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, म्हणजे अकोला जिल्ह्यात. १९०५ मध्ये त्याने घर सोडलं. अंगावर चिंध्या जोडून शिवलेला कपडा, हातात खराटा आणि एक मडक्याचं खापर. तेच ताट, तीच वाटी, वेळ पडली तर उन्हात टोपीही. म्हणून लोक कुणी 'गोधडेबुवा' म्हणायचे, कुणी 'गाडगेबाबा'.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डिग्रीवर त्यांचं नाव छापलेलं आहे. माझ्याही आहे. डिग्री फ्रेम करून भिंतीवर लावलीय, नाव मात्र कधी नीट वाचलं जात नाही. हा माणूस गावात शिरला की आधी गाव झाडायचा आणि रात्री कीर्तन करायचा. त्यात सांगायचा काय? कर्ज काढून सण करू नका, लग्नात ऐपतीबाहेर खर्च करू नका, भांडी मोडावी लागली तरी चालेल पण पोरांना शिकवा. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा आणि घाट उभे केले आणि स्वतःच्या नावावर काही ठेवलं नाही. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी त्यांनी देह ठेवला.

म्हणजे ते 'काही घेऊ नका' असं म्हणत नव्हते. पैसा कुठे जाऊ नये आणि कुठे जावा, हे सांगत होते. ईएमआयवर फोन आणि क्रेडिट कार्डवर डेस्टिनेशन वेडिंग करणाऱ्या आपल्या पिढीला याहून प्रॅक्टिकल फायनान्शियल अॅडव्हाइस कोण देणार?

मी हे आजीला कौतुकाने सांगत होते. तिने मध्येच थांबवलं. "पोरी, आमच्या जवळ काई नोतं म्हणून आम्ही ठिगळं लावली. हौस नोती ते."

हे वाक्यही वहीत लिहून ठेवलं. निवड म्हणून कमी घेणं आणि नाइलाज म्हणून कमी घेणं यात फार अंतर आहे. ते विसरून जुन्या दिवसांचे गोडवे गाऊ नयेत.

साडीतली माया

हाच मुद्दा पुढच्या आठवड्यात घरात शिरला. अकोल्याला मावसबहिणीचं लग्न होतं. मी जाहीर केलं, नवीन ड्रेस घेणार नाही. आई गप्प झाली. आईचं गप्प होणं काय असतं, ते तुम्हाला माहीत आहे.

दोन दिवसांनी बोलली. ती चार बहिणींत धाकटी. लहानपणभर तिच्या वाट्याला थोरल्यांचे उतरलेले फ्रॉक आले. शाळेत नोकरी लागली तेव्हा तिने ठरवलं होतं, आपल्या मुलीला कधी जुनं घालायला लावायचं नाही. आणि आता मी स्वतःहून जुनं मागत होते. तिच्या दृष्टीने मी तिच्या तीस वर्षांच्या मेहनतीवर पाणी ओतत होते.

वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मी फक्त विचारलं, "तुझ्या पहिल्या पगाराची साडी कुठाय?"

ती निघाली. जांभळी, रेशमी, अकोल्याच्या कापड बाजारातून घेतलेली. घडीवर जराशी विरलेली, बाकी झकास. अमरावतीत इतवारा बाजाराच्या बाजूला एका रफूवाल्याने विरलेल्या जागी असा धागा भरला, की मला जागा सापडेना. ब्लाउज मात्र आईच्या तेव्हाच्या मापाचा. तो घेऊन अकोल्याला टिळक रोडजवळच्या एका टेलरकाकांकडे गेले. त्यांनी ब्लाउज उलटा केला, शिवणीच्या आतलं कापड दोन बोटांत धरलं आणि म्हणाले, "माया आहे. होऊन जाईल."

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला आपल्याकडे शिंपी 'माया' म्हणतात. पुढे कधी माप वाढलं, कपडा दुसऱ्या कुणाच्या अंगावर गेला, तर उसवून मोठा करता यावा म्हणून. काका म्हणाले, रेडिमेडमध्ये माया नसते. कापड वाचवायला शिवणीच्या कडेकडेने कापतात, मग वाढवायचं कुठून? त्यांच्याकडे आता नवीन शिवायला येणारे कमी आणि आल्टरवाले जास्त. मुलगा मात्र या धंद्यात नाही. तो मोबाइलच्या दुकानात असतो.

लग्नात साडीचं कौतुक झालं. पण त्याहून जास्त वेळा आईला विचारलं गेलं, "ही कुठली गं?" आणि प्रत्येकीला आईने पहिल्या पगाराची अख्खी गोष्ट सांगितली, दर वेळी थोडी वाढवून. जुनं घातल्याची गोष्ट तिने एकीलाही सांगितली नाही. तिच्या मते मी जुनं घातलंच नव्हतं.

मग बाजाराचं काय?

एक प्रश्न मात्र टाळता येत नाही. अमरावती ही कपड्यांची मोठी होलसेल बाजारपेठ आहे. नागपूर रोडवरच्या बिझीलँड, सिटीलँड, ड्रीम्झलँडमध्ये दूरदूरचे दुकानदार माल उचलायला येतात. नांदगाव पेठेत १,००० एकरांवर पीएम मित्र टेक्स्टाइल पार्क होतोय. त्याचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं. माझी एक मैत्रीण शोरूममध्ये अकाउंट्स बघते. ती म्हणाली, "तुम्ही सगळे कमी घ्यायला लागलात, तर आम्ही काय करायचं?"

प्रश्न रास्त आहे. पण तो फक्त तिचा का असावा? रफूवाला, वायडिंगवाला, टेलरकाका, चेनवाला, बॅगवाला, कूलरच्या ताट्या विणणारा... ही सगळी माणसंही या शहरांतच राहतात. दुरुस्तीचं काम कंटेनरमधून येत नाही आणि कुठल्या वेअरहाउसमधून निघत नाही. ते आपल्या गल्लीतच होतं आणि त्याचे पैसे गल्लीतच राहतात. आणि कापूस पिकवणाऱ्या गावाला पॉलिस्टरच्या दहा टॉपपेक्षा चांगल्या सुताचे दोन शर्ट जास्त कामाचे. कमी घ्या म्हणजे बाजार बंद करा असं नाही; पैसे वेगळ्या दुकानात द्या, एवढंच.

भीती आहे ती उलटी. या महिन्यात मी ज्या पाच-सहा कारागिरांकडे गेले, त्यातल्या एकाच्याही दुकानात शिकाऊ पोरगा दिसला नाही. दहा वर्षांनी आपल्याला दुरुस्त करून घ्यायची कितीही इच्छा झाली, तरी दुरुस्त करणारं कोणी उरलेलं नसेल.

करून बघा!

- आवडलेली वस्तू लगेच घेऊ नका. तारीख टाकून वहीत लिहा. महिन्याने तरी हवी असेल, तर बिनधास्त घ्या.

- कपडा घेताना उलटा करून बघा. शिवणीत माया आहे? लेबलवर सुती किती, पॉलिस्टर किती?

- मशीन घेताना दुकानदाराला एकच विचारा, "बिघडलं तर याचा पार्ट इथे मिळतो का?" तो अडखळला, तर तुम्हीही थांबा.

- ड्रिल मशीन, शिडी, ट्रॅव्हल बॅग, सणावाराची मोठी पातेली: वर्षातून दोनदा लागणाऱ्या गोष्टी मजल्यावर एकच पुरते. शेजाऱ्यांशी बोलायला निमित्तही मिळेल!

- जुना मोबाइल ओल्या कचऱ्यात टाकू नका आणि ड्रॉवरमध्येही पुरू नका. चालू असेल तर बॅटरी बदलून घरातल्या कुणाला तरी द्या. बंद असेल तर अधिकृत ई-कचरा केंद्रात.

- रफूवाला, टेलर, इलेक्ट्रिशियन, चप्पल शिवणारे काका: सगळ्यांचे नंबर सेव्ह करा आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाका. सेलची लिंक टाकतोच की आपण!

महिना संपला तेव्हा यादीतल्या तीन गोष्टींपैकी दोन घेतल्या: एक सुती चादर आणि चांगल्या चामड्याच्या चपला, तळ बदलता येणाऱ्या. तिसरी, लॅपटॉपची बॅग, जुनीची चेन बदलली आणि गरज संपली. आजीने माझ्या बॅगेतल्या कपड्यांची वाकळ शिवायला घेतलीय. कुर्ती मात्र तिने परत पाठवली. ती अजून घरात पडून आहे, आणि तिचं काय करायचं ते कुणालाच माहीत नाही. पुढच्या वेळी दुकानात काही हातात घ्याल, तेव्हा हाच प्रश्न आधी विचारा: वापरून झालं की याचं काय होणार?